वहिनीची पुरुषी हिंदी

आमची कमलवहिनी शाळेला निघाली की उंबऱ्यात थांबून आत आवाज द्यायची, "आई, मी जातो!" आणि आतून माझी आई, गोदाबाई, म्हणायची, "जा, पण लवकर ये." यात हसण्यासारखं काही आहे असं बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात कुणालाही कधी वाटलं नाही. आमच्याकडे बायका 'मी जातो, मी येतो, मी जेवतो' असंच बोलतात. पुण्याकडची पाहुणी आली की तिला वाटतं, या बायका पुरुषासारख्या का बोलतात? आम्हाला वाटतं, ही बाई 'जाते-येते' करत उगाच लाडात का येते? लिहिताना मीही 'सांगते' असं लिहिते, कारण शाळेत तसं शिकवलं. बोलताना मात्र 'सांगतो'च तोंडात येतं. इथवर सगळं ठीक होतं. भानगड झाली ती हिंदीमुळे, आणि त्या भानगडीत वहिनीची नोकरी जायची वेळ आली होती.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात आमचं राज्य बदललं. आम्ही कुठे हललो नाही. तापी तिथेच, लोधीपुरा तिथेच, फक्त राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. अकोला, अमरावती, नागपूर मुंबईकडे गेले आणि आम्ही मराठी बोलणारे इकडेच राहिलो, लग्नाच्या मांडवातून निघताना एखाद्याची चप्पल मागे राहावी तसे. पुरुषांचं त्यामुळे काही अडलं नाही. बुऱ्हाणपूरचा पुरुष हिंदी बाजारातच शिकतो. शेठशी, टांगेवाल्याशी, हवालदाराशी त्याचं हिंदीतच चालतं. बायकांची हिंदी मात्र बांगडीवाल्यापुरती. 'कितने का?' आणि 'बहुत महँगा!' एवढ्यात आमचा कारभार आटपायचा. बांगडीवाल्याला स्वतःबद्दल काही सांगायची वेळच येत नाही, त्यामुळे हिंदीत 'मी' कसं बोलायचं हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

वहिनी शनवाऱ्यातल्या मुलींच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवायची. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास होऊन ती आमच्या घरात सून म्हणून आली होती. माझा भाऊ नंदकुमार, म्हणजे दादा, तेव्हा कापसाच्या जिनात हंगामापुरता कामाला होता, म्हणून आईने तिला नोकरी करू दिली, पण तात्पुरती. पुढे दादा जिनात बारमाही कारकून झाला, सुमन झाली, सुमन शाळेत जायला लागली, तरी वहिनीची नोकरी तात्पुरतीच. आमच्या घरात पुरुषाची नोकरी कायम आणि बाईची तात्पुरती असते, मग सरकारदरबारी काही का लिहिलेलं असेना.

सकाळी विहिरीचं पाणी, सडा, भाकऱ्या, धुणं एवढं उरकून ती शाळेत पळायची आणि संध्याकाळी येऊन पुन्हा चुलीपुढे. मी मदत करायचे, नाही असं नाही, पण सुनेचं काम ते सुनेचं. घरात दोन खुर्च्या होत्या. एक दादाची आणि एक पाहुण्यांची. बायकांनी पाटावर बसावं, उंबऱ्यावर बसावं, नाहीतर उभं राहावं. एकदा धुणं वाळत घालताना वहिनी कमरेवर हात ठेवून थांबली आणि म्हणाली, "कुसुम, मले शाळा कायले आवडते माहीत हाये? तिथं मले खुर्ची हाये." मी हसले. ती हसली नाही. बाकी सगळ्यांना वाटायचं वहिनी घरासाठी नोकरी करते. ती त्या खुर्चीसाठी करत होती, हे फक्त मला माहीत होतं.

मग खात्याचा हुकूम आला. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी हिंदीची तोंडी परीक्षा द्यावी, शाळा तपासणारे डिप्टीसाहेब स्वतः येऊन घेतील, नापास होईल त्याने घरी बसावं. यातलं 'घरी बसावं' आईला फार आवडलं. "बसू दे की घरी," ती म्हणाली, "इथं काय काम कमी हाये?" बसायचं आणि कामही करायचं, हे दोन्ही एका दमात सांगणं आईलाच जमायचं.

"घाबरू नको," दादा म्हणाला, "मी शिकवतो तुले हिंदी."

दादाच्या विद्वत्तेबद्दल थोडं सांगायला हवं. मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाऊन तो तिसऱ्यांदा काठाला लागला होता. मला सातवीत पहिला नंबर असून घरी बसवलं, कारण जास्त शिकलेल्या मुलीला नवरा कुठून आणायचा? दादाला बायको आणताना त्याच्या गटांगळ्या आड आल्या नाहीत. असो. हिंदी मात्र त्याची फर्डी होती, जिनातल्या शेठनेही मान डोलवावी अशी.

शिकवणी स्वयंपाकघराच्या दारात चालायची. दादा आपल्या खुर्चीवर, वहिनी चुलीपुढे भाकरी थापत.

"बोल, मैं आता हूँ."

"मैं आता हूँ."

"मैं खाना खाता हूँ."

"मैं खाना खाता हूँ."

वहिनीला 'मी येतो'ची सवय, तेव्हा 'मैं आता हूँ' तिच्या जिभेवर लोण्यासारखं बसलं. दादा स्वतः बोलतो तसंच शिकवत होता. आई ऐकत होती, मी ऐकत होते, आणि आम्हाला कुणालाच त्यात काही खटकलं नाही. उलट पाटावर बसून मीही घोकत होते. होळी गेली, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया गेली, आषाढ सरला. तोवर आमच्या घरातल्या दोन बायका खणखणीत हिंदी बोलायला लागल्या होत्या आणि दादा गल्लीत सांगत फिरत होता की कमल आता भोपाळलाही भाषण देईल.

श्रावणात आमच्या शेजारी पोस्टातल्या नव्या बाबूंचं बिऱ्हाड आलं. शुक्ला त्यांचं आडनाव, सागरकडची माणसं. शुक्लाबाई विरजण मागायला पहिल्यांदाच आमच्या दारात आल्या तेव्हा वहिनी पीठ चाळत होती. आली संधी असं तिला वाटलं. ती उठली आणि अदबीने म्हणाली, "आइए बहनजी, बैठिए! मैं आटा छान रहा था. मैं अभी हाथ धोकर आता हूँ."

शुक्लाबाईंनी आधी वहिनीच्या मागे पाहिलं, आत कोण पुरुष बोलतोय म्हणून. आत कुणी नव्हतं. मग त्यांनी वहिनीच्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून त्या अशा हसायला लागल्या की शेवटी त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. "अरी बहू," त्या म्हणाल्या, "तू मर्द कब से हो गई?"

बिचाऱ्या मनाने चांगल्या होत्या. हसणं आवरल्यावर त्यांनी समजावून सांगितलं की हिंदीत बाई 'आता हूँ' म्हणत नाही, 'आती हूँ' म्हणते. वहिनीचा चेहरा पांढरा पडला, आणि तो काही पिठाने नव्हे. परीक्षा पोळ्यानंतर होती आणि पोळा तोंडावर आला होता.

संध्याकाळी दादाने ऐकून घेतलं आणि हात झटकले. "त्यात काय! 'ता'च्या जागी 'ती' लाव." त्याला ते चपलेचा तुटलेला अंगठा बदलण्याइतकं सोपं वाटलं. वहिनीने प्रयत्न केला. "मैं आता... आतीता... हूँ." महिनोन् महिने घोकलेलं जिभेवरून निघेना, आणि भीतीने होतं तेही विस्कटलं. रात्री भांडी घासताना ती पुटपुटत होती, मधेच थांबत होती, आणि एकदा डोळे पुसताना राख गालाला लागली. मला तिची फार दया आली आणि दादाचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं. चहाचा कप दादाच्या हातात देत ती म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडून ऐकूनच माझं बिघडलं. आता तुमीच बाईसारखं बोला. कानावर पडलं की जिभेले सवय होईल."

दादाला गंमत वाटली. खुर्चीवर मागे रेलून, चहाचा घोट घेत त्याने सुरुवात केली. "मैं झाड़ू लगाती हूँ. मैं पानी भरती हूँ. मैं रोटी बनाती हूँ."

"असं नाई," वहिनी म्हणाली. आता तिच्यातली मास्तरीण जागी झाली होती. "माह्या वर्गात 'करून बोला' असते. पोरगी दार उघडते अन् म्हणते, 'मी दार उघडतो.' बसल्या बसल्या बोललेलं लबाडीचं असते, ते जिभेवर राहत नाई." आणि तिने कोपऱ्यातला झाडू उचलून दादापुढे धरला.

दादाने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारातून डोकावणाऱ्या सुमनकडे पाहिलं. पण शिकवणी चुकल्याचं त्याच्या मनाला लागलं होतं, आणि शब्द देऊन मागे सरणारा तो नव्हता. तो उठला. कमरेत वाकून त्याने झाडू मारायला सुरुवात केली. "मैं झाड़ू लगाती हूँ. मैं झाड़ू लगाती हूँ."

"माय माय! माह्या लेकाच्या हातात झाडू!" आईने कपाळावर हात मारला.

"आई, हे व्याकरण हाये," दादा म्हणाला.

आईने झाडलेली जमीन न्याहाळली. मग म्हणाली, "व्याकरण असो का कायबी असो, त्या कोपऱ्यातला कचरा राहिला."

अशा रीतीने आमच्या घरात व्याकरण सुरू झालं. दादा जिनात जायच्या आधी आणि आल्यानंतर व्याकरण करायचा. पाणी भरताना विहिरीच्या दोराने त्याचे तळवे सोलले. आजवर तो समजत होता की रांजण आपला आपण भरतो. चुलीत फुंकर घालून त्याचे डोळे लाल झाले. त्याने केलेल्या भाकरीला चार दिशा असायच्या, पण वहिनी ती न बोलता खायची आणि त्याच्यामागून वाक्य म्हणायची. "मैं रोटी बनाती हूँ." तिची जीभ सुधारायला लागली. एका संध्याकाळी धुण्याचा पिळा सोडून दादा मोरीच्या काठावर बसला आणि आपल्याच नादात म्हणाला, "मैं थक गई हूँ." हे वाक्य धड्यात नव्हतं. वहिनीने वळून त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती त्याच्याकडे अशी बघताना मी पाहिली नव्हती.

आईचा त्रागा चालूच होता. त्यात सुमनने भर घातली. दादा संध्याकाळी घरी आला की ती अंगणातून ओरडायची, "बाबा आली! बाबा आली!" आणि कहर झाला तो जिनात. शेठने कापसाच्या गठाणी मोजून यायला सांगितलं होतं. दादा मोजून आला आणि साऱ्या हमालांसमोर अदबीने म्हणाला, "शेठजी, मैं गिनकर आ गई." त्या दिवसापासून जिनात त्याचं नाव नंदाबाई पडलं. घरी येऊन त्याने ते आम्हाला सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आई म्हणाली, "मंग आता सोड ते." दादा म्हणाला, "कमलची परीक्षा होऊ दे." एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

परीक्षेच्या दिवशी आईने मला वहिनीबरोबर धाडलं. रोज एकटी जाणारी वहिनी त्या दिवशी परक्या पुरुषासमोर एकटी कशी बोलणार, अशी आईला काळजी. म्हणून मी शाळेच्या व्हरांड्यात खांबाशी डबा घेऊन उभी होते आणि सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

डिप्टीसाहेब जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. शाळेत त्यातल्या त्यात धड खुर्ची वहिनीच्या वर्गातली, तीच बाहेर आणून त्यांना दिली होती. तेव्हा तिच्याच खुर्चीपुढे वहिनी उभी होती. मला ते बरं वाटलं नाही.

"मास्टरनीजी, बताइए, आप घर में क्या करती हैं?"

वहिनीने डोळे मिटल्यासारखे केले आणि ती सुरू झाली. "मैं सवेरे उठती हूँ. मैं झाड़ू लगाती हूँ. मैं कुएँ से पानी भरती हूँ. मैं रोटी बनाती हूँ, कपड़े धोती हूँ." एक 'ती' इकडची तिकडे नाही. डोळ्यांपुढे तिला झाडू घेतलेला दादा दिसत असणार. "बहुत सुंदर," डिप्टीसाहेब म्हणाले. मी खांबाला टेकून श्वास सोडला.

"और पाठशाला में?"

"पाठशाला में मैं पढ़ाता हूँ," वहिनी त्याच ओघात म्हणाली. "मैं हाज़िरी लेता हूँ. मैं लड़कियों को कहानी सुनाता हूँ."

डिप्टीसाहेबांची लेखणी थांबली. "वाह! घर में स्त्री और पाठशाला में पुरुष?"

बाकीच्या मास्तरणी पदरात तोंड लपवून हसल्या. माझ्या लक्षात आलं काय झालं ते. दादाने घरातली सगळी कामं करून दाखवली होती आणि घरातली सगळी क्रियापदं बाईची झाली होती. पण घरात फळा कुठे होता? शिकवणं, हजेरी घेणं ही वाक्यं आखाजीच्या आधीची, खुर्चीवर बसलेल्या दादाने शिकवलेली. ती पुरुषाचीच राहिली होती.

"ठीक से कहिए," साहेब म्हणाले. "मैं पढ़ाती हूँ."

"मैं पढ़ाता..." वहिनीने ओठ चावला. "मैं पढ़ाता..." तिसऱ्यांदाही तेच. साहेबांनी चष्मा काढला. रागावले नव्हते, पण हसतही नव्हते. "आप ही ऐसे बोलेंगी, तो बच्चियाँ क्या सीखेंगी?"

गेली नोकरी, गेली खुर्ची, असं वाटलं. आता वहिनी जन्मभर 'घरी बसणार' आणि एक क्षणही बसणार नाही. मग तिने पदर खोचला, भांडण काढण्यापूर्वी खोचतात तसा.

"साहब, ऐसे खड़े-खड़े नहीं आता. मैं करके बोलेगा."

आणि उत्तराची वाट न पाहता ती वर्गात गेली. आत पहिलीच्या मुली, त्यांत आमची सुमन, साहेबांच्या भीतीने मांडी घालून गप्प बसलेल्या. वहिनीने खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मैं पढ़ाती हूँ'. एकेका शब्दाखाली छडी टेकवत, आपल्या रोजच्या आवाजात ती म्हणाली, "मैं पढ़ाती हूँ. बोला गं."

"मैं पढ़ाती हूँ!" मुली ओरडल्या.

"अजून."

"मैं पढ़ाती हूँ!"

आता वहिनीचा आवाज मोकळा झाला होता. ती म्हणत होती, मुली म्हणत होत्या, छडी फळ्यावर वाजत होती. मीही मोठ्याने म्हणते आहे हे डिप्टीसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं. पुढे मीही शिक्षिका झाले, ती गोष्ट निराळी, पण मला वाटतं मी झाले ती तिथेच, खांबाशी, हातात डबा घेऊन.

साहेब उठून वर्गाच्या दारात गेले. थोडा वेळ ऐकत राहिले. मग हात वर करून म्हणाले, "बस, बस! इतनी सारी मास्टरनियों को मैं रखूँगा कहाँ?" आणि चष्मा डोळ्यांवर चढवत वहिनीला म्हणाले, "आप पास हैं."

साहेबांचा टांगा गेल्यावर वहिनी व्हरांड्यात आली आणि तिने खुर्ची उचलली. मी धरायला गेले तर तिने मला हात लावू दिला नाही. वर्गात नेऊन जागेवर ठेवली, पदराने पुसली आणि मग त्या खुर्चीत बसून ती पोटभर रडली. पहिलीच्या मुली टकमका बघत होत्या.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सुमनने पुढे पळत जाऊन बातमी फोडली होती. दादाने मावा जिलबी आणून ठेवली होती आणि तो दारातच उभा होता. आई देवापुढे साखर ठेवून आली आणि पहिलं वाक्य बोलली ते दादाशी. "झाली ना पास? सुटलो बाई एकदाचे. आता ते व्याकरण बंद कर."

"हो, आता काय गरज," दादा म्हणाला. त्याला हलकं वाटलेलं दिसत होतं. सोललेले तळवे त्याने धोतराला पुसले. झाडू कोपऱ्यात आईने आधीच आडवा करून ठेवला होता. सगळं पुन्हा जागच्या जागी गेलं होतं. चूल विझलेली होती आणि सगळे वहिनीची वाट बघत होते, म्हणजे चहाची.

वहिनीने चपला काढल्या. पाय धुतले. आम्हाला वाटलं ती आत जाईल. ती गेली नाही. ती दादाच्या खुर्चीपाशी आली आणि त्या खुर्चीत बसली, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. त्या खुर्चीत आजवर आमच्या घरातली कुठलीच बाई बसली नव्हती.

वहिनीने दादाकडे पाहिलं आणि हुबेहूब डिप्टीसाहेबांसारखं, सावकाश विचारलं, "बताइए, आप घर में क्या करती हैं?"

सुमनने हातातली जिलबी तोंडात घालायची थांबवली. दादा एकदा आईकडे, एकदा चुलीकडे बघत उभा होता. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मैं चाय बनाती हूँ," तो म्हणाला आणि आत गेला.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग एकामागून एक डबे उघडल्याचा. मग दादाची हाक आली, "अगं कमल, साखरेचा डबा कुठं हाये?"

"हिंदीत विचारा," वहिनी म्हणाली. ती खुर्चीतून उठली नाही.